कोंचेत्ताबाईंची राहिलेली वाट

कोंचेत्ताबाईंनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी त्यांच्या मालाची चोरी करत होते.

मुलीकडे न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेला येऊन मला जेमतेम तीन आठवडे झाले होते. मुक्ता आणि जावई ऑफिसात, नातू शाळेत आणि मी मागच्या अंगणात. शेजारच्या कुंपणावरून भोपळ्याच्या जातीचा एक वेल आमच्या बाजूला उतरला होता आणि त्याला पिवळीधमक फुलं आली होती. भोपळ्याच्या फुलांची भजी खाऊन मला किती वर्षं झाली होती, ते सांगत नाही. सहा फुलं तोडून पदरात घेतली, सातव्याला हात घातला, तेवढ्यात पलीकडून आवाज आला.

"ए! मादी फुलं तोडतेस? मग फळ कुठून येणार? ढगातून?"

नागपूरला मी एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. 'नर फूल व मादी फूल यांतील फरक स्पष्ट करा' या प्रश्नावर मी कितीतरी पोरांचे अर्धे अर्धे मार्क कापले असतील. पदरात पाहिलं, तर सहाच्या सहा फुलांखाली बोटाएवढं फळ धरलेलं! आणि कुंपणापलीकडे उभी असलेली, चौथीत शाळा सोडलेली ही बाई मला शून्य देत होती.

मी सॉरी सॉरी करत फुलं परत द्यायला गेले. "परत काय देतेस? पुन्हा चिकटवू?" असं म्हणून त्या आत गेल्या आणि वाडगाभर नर फुलं घेऊन सरळ आमच्या स्वयंपाकघरात आल्या. अर्धी त्यांनी अंडं घालून तळली, अर्धी मी बेसनात. माझं भजं तोंडात टाकून त्यांनी डोळे बारीक केले.

"यात अंडं नाही."

"नाही."

"चीज नाही."

"नाही."

"मग चव कुठून आली?"

ओव्याला इंग्रजीत काय म्हणतात ते मला आठवेना. मी बरणीच त्यांच्या हातात दिली. त्यांनी हुंगली आणि खुशाल स्वेटरच्या खिशात घातली. फिटंफाट.

चार फूट दहा इंच उंची, उन्हाळ्यातही काळा स्वेटर, बाहीत खोचलेला कागदी रुमाल आणि कुजबुजणं हा प्रकारच माहीत नसलेला गळा. बोलणं न्यू जर्सीच्या गोदीतलं इंग्रजी, मात्र रागावणं इटालियनमध्ये. माझं नाव सुमन, पण त्यांनी पहिल्या दिवसापासून मला 'सुमाना' केलं. कोणी रडत आलं की त्यांचं एकच औषध असे: "आधी खा. मग रड." नवरा वारला तेव्हाही त्यांनी सांत्वनाला आलेल्यांना आधी टेबलावर बसवलं होतं म्हणे.

त्यांच्या अंगणात एक अंजिराचं झाड होतं. न्यू जर्सीची थंडी त्याला सोसत नाही, म्हणून दर हिवाळ्यात त्या त्याच्या फांद्या बांधत, अंगाला जुनी ब्लँकेटं गुंडाळत आणि डोक्यावर बादली उपडी ठेवत. माझ्या पहिल्या हिवाळ्यात मी खिडकीतून पाहिलं, तर कोंचेत्ताबाई ब्लँकेट पांघरून अंगणात उभ्या. मी हात हलवून "गुड मॉर्निंग" म्हटलं. दुसऱ्या दिवशीही म्हटलं. दोन्ही दिवशी उत्तर आलं नाही, तेव्हा मुक्ताला म्हणाले, "शेजारीण रागावलेली दिसते गं. त्या फुलांचं अजून मनात आहे." मुक्ता खिडकीशी आली आणि हसता हसता खालीच बसली. असा माझा विज्ञाननिष्ठ मेंदू.

कोंचेत्ताबाई मूळच्या इटलीच्या. आग्नेय किनाऱ्यावर मोल्फेत्ता नावाचं कोळ्यांचं गाव आहे, तिथल्या. नऊ वर्षांच्या असताना बोटीत बसून आल्या, त्या पुन्हा गेल्याच नाहीत. पण एका दुपारी जेवणानंतर त्यांनी मला ते गाव दाखवलं. ताटात माशाचा सांगाडा उरला होता. मी शाकाहारी, म्हणून तोंड फिरवून बसलेली. त्यांनी माझी हनुवटी धरून तोंड ताटाकडे वळवलं.

"बघ. हा मधला काटा म्हणजे मोठी गल्ली. हे दोन्ही बाजूंचे काटे म्हणजे छोट्या गल्ल्या. आमचं जुनं गाव असंच बांधलंय. इथे डोक्याशी गोल बुरूज. इथे, पाण्याला लागून, जुनं देऊळ." त्या 'चर्च'च म्हणाल्या, पण मला ते देऊळच ऐकू आलं. मग त्यांनी मिठाची बाटली उचलली आणि ताटापासून लांब, टेबलाच्या पार टोकाला नेऊन ठेवली. "आणि ही आमची माता. मादोन्ना. गावाबाहेर, किनाऱ्यानं अर्धा-पाऊण तास. ताटापासून बाटलीपर्यंतचा हा रस्ता माझ्या डोक्यावर आहे."

गोष्ट अशी. कोंचेत्ताबाई आठ वर्षांच्या असताना वडिलांची होडी वादळात तीन दिवस परतली नाही. आई तीन दिवस बंदरावर उभी. तिसऱ्या दिवशी ती मादोन्नाला बोलली, 'माणूस परत येऊ दे. जुन्या देवळापासून तुझ्या दारापर्यंत अनवाणी येईन.' चौथ्या दिवशी वडील आले. वादळात ते सापडलेच नव्हते. शेजारच्या बंदरात थांबून पत्ते खेळत बसले होते.

"मग नवस कसला?" मी म्हटलं.

"मीही आईला तेच विचारलं. ती म्हणाली, मी त्याचं परत येणं मागितलं होतं. तो आला. कुठून आला ते मी कुठे बोलले होते?"

मग आईला दिवस गेलेले, डॉक्टरांनी चालायला बंदी केली. मग अमेरिकेची तिकिटं आली. पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी असं करता करता आई म्हातारी झाली आणि जाताना लेकीला सांगून गेली, "तेवढी वाट राहिली गं."

"व्हिनी म्हणतो, मादोन्ना विसरली असेल," कोंचेत्ताबाई म्हणाल्या. व्हिनी म्हणजे त्यांचा मुलगा. "सुमाना, अशा बायका विसरतात का?"

मला माझी सासू आठवली. पंचविशीतली मी म्हणजे काय विचारता! शहाणपणाचं दुकान. नवऱ्याला टायफॉइड झाला होता, सासूबाई देवीला नवस बोलल्या आणि तो बरा झाल्यावर अनवाणी निघाल्या. मी दारात आडवी उभी राहून भाषण दिलं: ताप औषधानं उतरतो, देव काय लाच घेतो का, वगैरे. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "औषधानंच उतरला, कबूल. पण तो उतरेपर्यंत मी कुणाशी बोलत होते, ते तुला काय माहीत?" आणि गेल्या. मी मात्र वादविवाद जिंकल्यासारखी आत येऊन चहा प्यायले.

तर त्या दुपारी, माशाच्या सांगाड्यासमोर, मी कोंचेत्ताबाईंना म्हणाले, "जाऊ आपण. फेडू."

तेव्हा मी अडुसष्ट वर्षांची पोर होते, काहीही बोलून जायची.

मुक्तानं कपाळाला हात लावला. "आई, तुला बसनं एडिसनला जायचं तर मला तीनदा फोन करतेस. तू इटलीला जाणार?"

"मी चारधाम केलंय."

"टूर लीडरच्या छत्रीमागे!"

नातू हेडफोन काढून म्हणाला, "आजी, यू डोन्ट इव्हन नो इटालियन."

"त्यांनाही मराठी येत नाही," मी म्हटलं.

व्हिनी संध्याकाळी आला. पन्नाशी ओलांडलेला, आडव्या अंगाचा, आईसमोर दहा वर्षांचा होणारा माणूस. त्यानं मला बाजूला घेतलं. "मिसेस पी, तिची शुगर तुम्हाला ठाऊक आहे. डोळे मंदावलेत. आणि पावलांना काही कळत नाही तिला. काच रुतली तरी समजणार नाही. डॉक्टर म्हणाले, एक जखम चिघळली तरी पाय जाईल. तिला चालू द्या, पण बूट काढू देऊ नका. प्रॉमिस करा."

मी छातीवर हात ठेवून प्रॉमिस केलं. आईला म्हटलं फेडू, मुलाला म्हटलं बूट काढू देणार नाही. दोन्ही वचनं एकाच दिवशी. ती एकमेकांच्या नरडीला नख लावणारी आहेत, हे माझ्या ध्यानात विमानात पट्टा बांधताना आलं.

त्याआधी विमानतळावरचं सांगायलाच हवं. आपल्याकडच्या सगळ्या शहाण्या आज्यांप्रमाणे मी व्हीलचेअर मागितली होती. पायांना काही झालेलं नव्हतं. पण खुर्चीत बसलं की रांग चुकते आणि फाटक शोधावं लागत नाही, हे कुठल्याही मराठी आजीला विचारा. कोंचेत्ताबाईंना खरंच खुर्ची लागत होती, आणि त्यांनी नाकारली. "मी काय मेलेय?" त्यामुळे नेवार्कच्या विमानतळावर ठणठणीत मी मांडीवर पर्स घेऊन राणीसारखी निघाले आणि दुखऱ्या गुडघ्यांच्या कोंचेत्ताबाई माझ्या खुर्चीला धरून लंगडत शेजारून. ढकलणारा बिचारा दोघींकडे आळीपाळीनं बघत होता.

सप्टेंबरचा शेवट होता. मादोन्नाची जत्रा होऊन गेली होती आणि गाव निवांत झालं होतं. जुनं देऊळ खरोखरच पाण्याला लागून उभं होतं. पांढऱ्या दगडाचं, दोन उंच मनोरे, मधे तीन घुमट, आणि समोर बंदरात रंगीत होड्या. मी आ वासून उभी राहिले. कोंचेत्ताबाई कमरेवर हात ठेवून वर बघत होत्या.

"एवढंसं?" त्या ओरडल्या. "हे केवढं मोठं होतं! कोणी धुतलं याला? आकसलं!"

मी दाराशी चपला काढल्या.

"सुमाना, इथे कोणी काढत नाही."

"नसतील काढत. मी काढते."

"लोक हसतील."

"बाई, मी कालच धडधाकट पायांनी व्हीलचेअरमधून आले. आता हसायला काय उरलंय?"

आत मी चर्च बघायची तशी बघत होते, म्हणजे माहितीची पाटी आधी आणि चर्च नंतर. कोंचेत्ताबाई पाटीकडे, चित्रांकडे फिरकल्याच नाहीत. त्या भिंतीकडेनं चालत होत्या, दगडावर तळवा ठेवून, एखाद्या घोड्याच्या पाठीवरून हात फिरवावा तशा. एका खांबाशी थांबल्या. "इथे मी उलटी केली होती. बहिणीच्या लग्नात. बदाम जास्त खाल्ले होते." आणि खांबाला दोनदा थोपटलं. त्या चर्चचं वय मी पाटीवर वाचलं होतं, आता विसरले. बदामाचा खांब विसरले नाही.

बाहेर आलो तेव्हा माझ्या चपला जागेवर होत्या. मी विजयी मुद्रेनं बघितलं. हीच माझी चूक.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला माशाच्या काट्यांतून फिरवलं. ताटात पाहिलेल्या गल्ल्या अगदी तशाच होत्या; फक्त कोंचेत्ताबाई तीनदा चुकल्या आणि तिन्ही वेळा गल्लीवर रागावल्या. गोल बुरूज पाहिला, तिथून समुद्र पाहिला, दीपस्तंभ पाहिला. "आई तीन दिवस त्या बाजूला उभी होती," एवढंच बोलल्या. मग त्यांचं बारसं जिथे झालं, ते गल्लीतलं लहानसं चर्च. मी चपला काढल्या आणि दाराशी काही पिशव्या ठेवलेल्या होत्या, त्यांच्याशेजारी नीट जोडून ठेवल्या.

पाच मिनिटांनी बाहेर येते तर पिशव्या नाहीत, चपला नाहीत.

समोर खुर्ची टाकून एक म्हातारी शेंगा सोलत होती. कोंचेत्ताबाईंनी विचारलं, तिनं हात नाचवत सांगितलं. त्या पिशव्या गोरगरिबांसाठी जमवलेल्या कपड्यांच्या होत्या. गाडी आली आणि सगळं घेऊन गेली. माझ्या सीताबर्डीच्या चपलांची दशा पाहता त्या गरिबांसाठीच ठेवल्यात असं कुणालाही वाटलं असतं.

कोंचेत्ताबाई हसायला लागल्या. भिंतीला टेकून, खोकला येईपर्यंत हसल्या. मग माझ्या उघड्या पावलांकडे बघत राहिल्या.

"मादोन्नानं सुरुवात केली," त्या म्हणाल्या. आणि वाकून बुटाच्या पट्टीला हात घातला.

"नाही," मी म्हटलं.

"तू म्हणालीस, फेडू."

"फेडूच. पण बूट नाही काढायचे."

"मग ते फेडणं कसलं? बूट घालून तर लोक मासे आणायलाही जातात." त्यांचा आवाज चिरकला. "पंच्याऐंशीची आहे मी. पुन्हा कधी येणार? हा पाय आणखी दहा वर्षं ठेवून काय करू, फुटबॉल खेळू?"

शेंगा सोलणारी म्हातारी सोलायची थांबली होती. मला व्हिनी दिसत होता, आणि सासूबाईही दिसत होत्या. मी खाली रस्त्यावर बसले आणि त्यांचे दोन्ही बूट हातांनी धरले.

"आमच्याकडे ज्यानं नवस केला त्याला जमलं नाही तर घरातलं दुसरं माणूस फेडतं. चालतं तसं."

"तू कुठे घरातली?"

"सात वर्षं तुमच्या वेलाची फुलं खातेय."

त्यांनी पट्टीवरचा हात काढला. मग म्हणाल्या, "आई तुला ओळखत नाही."

"मग चालताना ओळख करून द्या."

जुन्या देवळाच्या दारापासून आम्ही निघालो. माझ्या खांद्यावर त्यांचा हात, पायांत माझ्या काही नाही. हॉटेलवर माझे कॅनव्हासचे बूट होते, पण दोघींपैकी कोणी त्यांचं नाव काढलं नाही. नागपूरच्या मे महिन्यात वाढलेली पावलं ही, इथलं ऊन काय करणार, असं मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं आणि दहाव्या मिनिटाला सावली शोधत बेडकासारख्या उड्या मारू लागले. बंदरावर जाळी विणत बसलेल्या एका माणसानं आपल्या प्लॅस्टिकच्या सपाता काढून पुढे केल्या. कोंचेत्ताबाई त्याच्यावर काहीतरी ओरडल्या. त्यानं माझ्या पायांकडे पाहिलं, टोपी काढली आणि छातीवर क्रूस केला. आयुष्यात पहिल्यांदा कोणी माझ्यासाठी टोपी काढली, तीही माझी नव्हे अशा नवसासाठी.

वाटभर त्या आईशी बोलत होत्या. त्यांच्या बोलीतलं मला काही कळत नव्हतं, मधूनच 'सुमाना' ऐकू यायचं. एकदा त्यांनी हवेत फूल तोडल्यासारखा हात केला. म्हणजे चोरीचंही सांगून झालं.

मादोन्नाचं चर्च समुद्राच्या कडेलाच आहे. शेजारी एक जुनं रुग्णालय, शेकडो वर्षांपूर्वी धर्मयुद्धाला निघालेले आजारी लोक तिथे ठेवत. ते बघायचं भान कुणाला होतं? माझ्या टाचेला फोड आला होता आणि कोंचेत्ताबाईंचा श्वास फुलला होता. दारात त्या थांबल्या.

"सुमाना. रस्ता तू चाललीस. आतलं तरी मला चालू दे."

मी आत डोकावले. चर्च रिकामं होतं आणि फरशी नुकतीच पुसलेली होती. मी आधी एकटीच आत गेले. दारापासून मूर्तीपर्यंत, वाकून, तळवा फिरवत, इंच इंच फरशी तपासली. एक टाचणी मिळाली, ती पदराला टोचली. परत आले, दाराशी उभी राहिले आणि वर छताकडे बघायला लागले.

छत फारच बघण्यासारखं होतं. मान अवघडेपर्यंत बघितलं. दरम्यान माझ्यामागे बुटाची पट्टी सुटल्याचा चर्रकन आवाज झाला. मग आणखी एकदा.

मी खाली पाहिलं तेव्हा त्या मूर्तीसमोर पोचल्या होत्या. लहान, काळ्या स्वेटरातल्या, पांढरी पावलं जोडून उभ्या. मला हाक मारली. मी जवळ गेले.

"गार आहे का गं फरशी?"

त्यांच्या पावलांना ते कळणार नव्हतं. मी माझा पाय त्यांच्या पायाला लावून ठेवला.

"गार आहे. छान गार आहे."

"आईला सांगते," त्या म्हणाल्या. आणि त्या दिवशी काही न खाता आधी रडून घेतलं.

नंतर बाकावर बसवून मी चष्मा लावून त्यांचे दोन्ही तळवे तपासले, पदरानं पुसले, मोजे चढवले. ओरखडाही नव्हता. न्यू जर्सीत परतल्यावर व्हिनीनं विचारलं, "काढले का तिनं बूट?" मी म्हटलं, "व्हिनी, तुझ्या बापाच्या आठवणीची शपथ, मी तिला बूट काढताना पाहिलं नाही." हे शंभर टक्के खरं आहे.

पुढे दोन हिवाळ्यांनी डोळ्यांनी साथ सोडली, तेव्हा व्हिनीनं त्यांना आपल्या घराजवळच्या वृद्धाश्रमात नेलं. जाण्याआधी त्यांनी अंजिराची एक फांदी मला लावून दिली. तिचं आता खांद्याएवढं झाड झालंय. थंडीत मी त्याला गुंडाळते, डोक्यावर बादली ठेवते, आणि सकाळी खिडकीतून "गुड मॉर्निंग" म्हणते. आता मुद्दाम.

शेवटचं भेटले ते उन्हाळ्यात. डब्यात फुलांची भजी नेली होती, अर्थातच नर फुलांची. खोलीच्या दाराशी सवयीनं बूट काढले आणि आत पाऊल टाकलं. त्या खिडकीकडे तोंड करून पलंगावर बसल्या होत्या, कमरेपर्यंत ब्लँकेट. मी काही बोलायच्या आतच म्हणाल्या, "अनवाणी कोण आलं? सुमाना?"

भजी खाल्ली. "अजून अंडं नाही," म्हणाल्या आणि चौथं उचललं. मग आवाज खाली आणला. म्हणजे कॉरिडॉरमधल्या नर्सला जेमतेम ऐकू जाईल इतका.

"व्हिनीला सांगितलंस?"

"काय सांगणार? मी छत बघत होते."

त्या समाधानानं उशीला टेकल्या. निघताना मी दारात वाकून बूट घालत होते, तेव्हा मागून हाक आली. वळून पाहिलं. त्यांनी ब्लँकेट गुडघ्यापर्यंत वर ओढलं होतं. लाल मोज्यांतले दोन्ही पाय बाहेर काढून, दहाही बोटं हलवत, त्या मला टाटा करत होत्या.